सतराव्या कड्याला लागलेली धाप

अहो अहो अहो, तिथं पाय नको! डावीकडे, डावीकडे घ्या — हां, असं. ते पांढरं दिसतंय ना मातीतून वर आलेलं, वीतभर रुंद, पाइपाचा तुकडा कापून रोवल्यासारखं — रोवल्यासारखं कसलं, कापून रोवलेलाच आहे — ते कडं. त्याला धक्का लागला तर पुतणी मला जिवंत ठेवणार नाही, आणि तुम्हाला तर नाहीच, मग तुम्ही संस्थेचे मोठे साहेब असा नाहीतर आणखी कोणी. अशी चाळीस कडी आहेत या शेतात. चाळीस, मोजून. प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाला झाकण. बूट बसतायत ना? सैल? सैलच होणार — माझ्या धाकट्या भावाचे आहेत, पुतणीच्या बापाचे. त्याचे पाय म्हणजे दोन होड्या. तो गेला, बूट राहिले. कोणाच्याच पायात बसत नाहीत म्हणून नवे कोरे राहिलेत. तुमचे पायरीवर वाळतायत, काळजी नको. चला.

ती येईलच. स्टेशनवर गेलीय, तुम्हालाच आणायला — तुमच्या नावाची पाटी रंगवून नेलीय, काल दोन तास बसली होती रंगवत — आणि तुम्ही मागच्या फाटकानं बाहेर पडलात. हो ना? आमच्या स्टेशनाच्या मागच्या फाटकानं गेल्या दहा वर्षांत फक्त शेळ्या बाहेर पडल्यात, साहेब. असू दे. ती अर्धा-पाऊण तास तिथं पाटी धरून उभी राहील, मग तिच्या लक्षात येईल, मग सायकल हाणत येईल. तोवर मीच दाखवतो शेत. मी कोण? मी काका. मला यातलं काही कळत नाही हे आधीच सांगून ठेवतो — मी फक्त झाकणं उचलतो आणि श्वास धरतो.

हो, श्वास धरतो. हसताय? सांगतो. ती एक पेटी आणलीय ना तिनं तिकडून, समुद्रापलीकडून, मांडीवर घेऊन आली सगळा प्रवास, एखाद्या तान्ह्या पोरासारखी — ती पेटी कड्यावर ठेवायची, तीन मिनिटं ती घुं-घुं करते, आणि मग सांगते खालच्या मातीतून किती कार्बन डायऑक्साइड वर आला. म्हणजे साध्या भाषेत, माती किती श्वास सोडतेय. मुळं सोडतात, बारीकसारीक जिवाणू सोडतात, गांडुळं सोडतात. तर पहिल्या दिवशी पेटी ठेवली आणि मी आपला वाकून, अगदी जवळ जाऊन विचारलं, "काय म्हणतेय गं?" — झालं! आकडा उडाला आकाशात! पुतणी टाळ्या पिटायला लागली. मग माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे, मग परत माझ्याकडे — आणि टाळ्या थांबल्या. तो माझाच श्वास होता. तेव्हापासून हुकूमच सुटलाय. काका, पेटीपासून दहा पावलं लांब, वारा जिकडे जातो त्या बाजूला, तोंड पलीकडे. चुलत आजोबांच्या वेळेपासून या जमिनीवर आम्ही बोलतोय, आणि आता बोलताना वारा बघायचा! ती म्हणते, काका गप्प बसले तर या शेतातून निघणारा वायू निम्म्यावर येईल. बायको म्हणाली, निम्म्यावर नाही, पाव हिश्शावर.

बायको? ती स्वयंपाकघरात आहे. तुमच्यासाठी नाश्ता — काय? तुम्हाला विचारलं तिनं? आणि तुम्ही हो म्हणालात? काय म्हणून विचारलं — "थोडी लापशी चालेल का" असं? आणि तुम्ही "चालेल" म्हणालात. बरं. बरं बरं. नाही, काही नाही. चांगली असते. ओटची. पौष्टिक. पुढं बोलू.

तर हे बघा, हे एक नंबर. कुंपणाच्या कडेला. झुडपांची पानं पडतात, कुजतात, खाली गांडुळांची नुसती वर्दळ — हे कडं कसं, जेवण झालेल्या माणसासारखं खुशाल श्वास सोडतं. आणि इथून चार पावलं — मोजा — एक, दोन, तीन, चार — हे चार नंबर. इथं ट्रॅक्टर वळतो. दर वेळी इथंच. तीस वर्षं इथंच वळतोय, मीच वळवतोय. माती दाबून दाबून दगड झालीय. हे कडं श्वास सोडतं ते कसं, तर चिकट माणसानं दारात उभं राहून "या की, बसा" म्हणावं तसं. तोंडातल्या तोंडात. चार पावलांवर, साहेब! शेत एकच, पीक एकच, पाऊस एकच, मालक एकच — आणि या कड्याचा आकडा त्याच्या पाव सुद्धा नाही. आणि तुमच्या त्या सरकारी तक्त्यात काय, तर सगळ्या शेताला एकच आकडा. एक शेत, एक आकडा, पुढचं शेत. पुतणी म्हणते, हे म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच चष्मा करण्यासारखं आहे. रागावू नका, ती म्हणते असं. जेवताना म्हणते, झोपताना म्हणते, दात घासताना म्हणते — तेव्हा नीट कळत नाही, पण तेच म्हणत असते. तिचं म्हणणं, माती आत किती धरून ठेवते आणि बाहेर किती सोडते हे बघायचं तर तिच्याकडे नीट, जागोजागी, खाली वाकून बघा, गाडीतून बघून निघून जाऊ नका. मला आधी हसू यायचं. माती श्वास घेते हे सांगायला समुद्र ओलांडून जावं लागतं का, असं मी म्हणालो होतो. आता नाही म्हणत.

का नाही म्हणत? हे नऊ नंबर बघा. हे जेव्हा मोजलं तेव्हा ते धापा टाकत होतं, दोन मजले चढून आलेल्या जाड्या माणसासारखं. पोरगी चक्रावली. चार दिवस या कड्याभोवती — पालथी पडून माती हुंगतेय, चिमटीत धरून बघतेय, जिभेला लावतेय. मी आपला चहाचा कप घेऊन आलो आणि सहज म्हणालो, अगं, तुझ्या आजोबांच्या वेळी इथं उकिरडा होता. चाळीस वर्षं झाली तो उचलून. तिनं माझ्याकडे असं बघितलं — असं, साहेब, की माझ्या लग्नात माझ्या बायकोनंही बघितलं नव्हतं. आणि वहीत लिहिलं. "नऊ — जुना उकिरडा. माहिती: काका." माझं नाव शास्त्रात! तेव्हापासून आम्ही दोघं रोज फिरायचो. बारा का गुदमरतंय? — तिथं खोलगट आहे, पाणी साचतं, चार दिवस निघत नाही. वीस का जोरात? — गोठा होता. सव्वीस का मंद? — विहीर बुजवताना सगळा मुरूम तिथं पसरला होता. मला ठाऊक होतं हो सगळं. कधी कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून म्हणतो, साहेब — मी तुमच्यावर दडपण आणत नाही, मी कोण आणणारा — पण तुमच्या त्या कागदावर सही झाली, तर त्या कोपऱ्यात मोजणीची खोली उभी राहणार, चार वर्षं, आणि ती तिथली प्रमुख. नाही झाली, तर ती परत जाणार. तिकडच्यांनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय. बोळात मोठी निळी बॅग बघितलीत ना? तिचीच. आठ महिने झाले येऊन, पण कपडे त्या बॅगेतूनच काढते आणि धुऊन त्यातच ठेवते. बायकोनं कपाट रिकामं करून दिलंय, खणांत नवे कागद घातलेत — एकही खण भरला नाही. "सही होऊ दे काकू, मग भरते." रोज मी त्या बॅगेला ठेचकाळतो. उजव्या पायाची करंगळी. रोज तीच. पण ज्या दिवशी ठेच लागणार नाही त्या दिवशी काय होईल — जाऊ दे. चला. पुढं.

तेरा. चौदा. पंधरा, हे झाडाच्या सावलीतलं. सोळा. अठरा —

काय?

सोळा, अठरा. हो. मग? सतरा? मी सतरा म्हणालो नाही? शाळेपासून गणितात कच्चा. सतरा — सतरा तिकडं आहे, त्या दगडाच्या मागं, पण तिकडं वाट चांगली नाही, काटे आहेत. तुमचे बूट भावाचे आहेत, खराब व्हायचे. शिवाय तिथं बेडूक असतो. मोठा. चावत नाही, पण बघत राहतो. नाही, माहीत आहे मला सतराचा आकडा इतरांच्या नऊपट आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण नऊपट म्हणजे काय, असतं एखाद्याचं — अहो थांबा, साहेब! झाकण उचलू नका! उचललंत.

तो बेडूक नाही. ते ओट आहेत.

बसा जरा. दगडावर बसा. मी रोज इथंच बसतो. घराच्या कुठल्याही खिडकीतून न दिसणारी या शेतातली ही एकच जागा आहे — मी तपासलंय, बायकोला एकेका खिडकीत उभं करून, "दिसतो का गं मी?" असं विचारून. तिला सांगितलं होतं की कुंपण मोजतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सांगून टाकतो. आता तुम्ही झाकण उचललंच आहे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरनं माझ्या छातीला नळी लावली आणि बायकोकडे बघून म्हणाला, "सकाळी यांना ओटची लापशी द्या." बस. एवढंच. एक वाक्य. तो विसरूनही गेला असेल. पण आमच्या घरात ते दगडावरची रेघ झालं. रोज सकाळी वाडगाभर. बिनमिठाची, बिनसाखरेची, ढवळली तर चमचा उभा राहतो. भिंतीला लावली तर भिंत पडणार नाही, अशी. आणि वरून नियम — तोंडात घास असताना बोलायचं नाही. म्हणजे खायचंही आणि गप्पही बसायचं! एका माणसाला किती शिक्षा? आणि ती स्वतः? ती म्हणते, "मी माझी आधीच खाऊन घेते." आवडीनं खाते म्हणे. मी कधी बघितलं नाही, पण खाते. बाईचं पोट लोखंडी आहे.

मग मी म्हणायला लागलो, शेतात फिरत फिरत खातो, मोकळ्या हवेत पचतं. आधी कुत्र्याला घालायचो. दोन आठवडे खाल्ली बिचाऱ्यानं, मग एक दिवस उठला आणि शेजारणीकडे राहायला गेला. कायमचा. अजून तिथंच आहे, मला बघितलं की पलंगाखाली जातो. मग कुंपणापलीकडे टाकली, तर कावळे जमायला लागले आणि बायको विचारायला लागली, इतके कावळे का? आणि अशा वेळी, साहेब, माझी पुतणी परत आली आणि तिनं माझ्या दगडाच्या मागं, नेमकं माझ्या दगडाच्या मागं, एक कडं रोवलं. झाकणासकट! तुम्हीच सांगा. वीतभर खोल, गोल, वर झाकण. मला वाटलं देवानंच पाठवलं. ओतायची, काडीनं मातीत ढवळायची, झाकण लावायचं, वाडगा गवतानं पुसायचा. मला काय माहीत खाली कोण बसलंय ते? ते जिवाणू — त्यांना लापशी आवडते हो! मला आवडत नाही ती त्यांना आवडते! खातात, फुगतात, पोरं होतात, आणि सगळे मिळून श्वास सोडतात. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं न खाणाऱ्याला खवखवतंय.

तर आकडा नऊपट. पुतणीनं मला मिठी मारली. मिठी, साहेब! "काका, अख्ख्या शेताच्या तोंडात मारेल असा एक ठिपका सापडलाय!" आता त्या मिठीत असताना कोणत्या तोंडानं सांगायचं की तो ठिपका नाश्त्याचा आहे? मी ठरवलं, टाकायचं बंद. तीन दिवस खरंच बंद केलं — वाडगा खिशात ओतला, कोट अजून कडक आहे — तर आकडा उतरला, आणि पोरगी उतरली. जेवेना. मग मला बघवेना. मग परत टाकली. दोन चमचे जास्तच टाकली. एक दिवस मध सुद्धा घातला. हो, लिहा. मधही लिहा. पण तिचं नाव घालू नका त्यात. तिला यातलं काही माहीत नाही. मध्ये एकदा तिनं मला नुसतं विचारलं होतं, "काका, तुम्हाला लापशी आवडते का हो?" मी म्हटलं, जीव की प्राण. ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्यानंतर सतराबद्दल बोलायचीच बंद झाली. मला वाटलं, सवय झाली असेल. साहेब, गुन्हेगार मी आहे. मला काय ती शिक्षा करा. पण सही —

हे काय? तिनंच पाठवलेला कागद? चष्मा... थांबा, चष्मा घरी राहिला, हात लांब करतो. "कारण" असा रकाना आहे. "चार — ट्रॅक्टरचं वळण. नऊ — जुना उकिरडा, काकांनी सांगितलं. बारा — पाणी साचतं, काकांनी सांगितलं." बघा, माझंच नाव. "सतरा — हिशेबातून वगळावा. कारण —"

"कारण: काका."

एवढंच लिहिलंय. तारीख कधीची आहे ही? म्हणजे मार्च... म्हणजे मधाच्याही आधी! म्हणजे तिला माहीत होतं आणि मी मध घालत बसलो? तीन महिने रोज सकाळी "काका, खाऊन आलात?" विचारायची आणि मी पोटावरून हात फिरवून ढेकर द्यायचो. ढेकर, साहेब! आणि ती काकूला एक अक्षर बोलली नाही. मला वाचवलं, पण स्वतःच्या कागदावर मात्र खरं तेच लिहिलं. बापावर गेलीय. त्याला पण एक खोटं बोलता यायचं नाही आणि एक चुगली करता यायची नाही. जरा थांबा. धूळ गेली डोळ्यात.

मग तुम्ही कशासाठी आलात? सतरासाठी नाही, तर मग — एकतीस? एकतीसचं काय? "एकतीस — इतरांच्या अकरापट. कारण कळलेलं नाही. कळल्याशिवाय हा आकडा खरा धरू नये." अकरापट! म्हणजे माझ्यापेक्षा जास्त! नाही, साहेब, शपथेवर सांगतो, एकतीसला मी हात लावलेला नाही. तिथं उकिरडा नव्हता, गोठा नव्हता, विहीर नव्हती. एकतीस म्हणजे ते काय, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून सात पावलांवर, साधी जमीन. मला तरी काही ठाऊक नाही. आणि मला ठाऊक नाही म्हणजे खरंच काहीतरी नवीन असणार! चला चला चला, बघू. हे बघा साहेब, हे जर मातीचंच निघालं, तर तुम्ही सही करणारच ना? सांभाळून, बूट. वाकून चला, खिडकी आहे. बायकोनं बघितलं तर विचारेल, वाडगा कुठाय. उचला झाकण. मी श्वास धरतो.

...

साहेब. हे मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का?

ओट.

आणि हे — हे काळं — हे बेदाणे आहेत! बेदाणे! म्हणजे बायकोच्या लापशीत बेदाणे असतात! तीन वर्षं मला नुसती खळ, आणि स्वतःच्या वाडग्यात बेदाणे घालते, आणि मग ती बेदाणे घातलेली लापशी सुद्धा खाववत नाही म्हणून मी शेतात गेलो की मागच्या दारानं येऊन इथं — "मी माझी आधीच खाऊन घेते"! लोखंडी पोट! म्हणून अकरापट. गोड आहे ना. माझी नऊ आणि तिची अकरा, दोनाचा फरक तो बेदाण्यांचा. अहो हसू नका, मोठ्यानं हसू नका, खिडकी उघडी आहे!

पण मग... मग संपलंच की सगळं. नवीन काही नाहीच. दोन म्हाताऱ्यांनी दोन कड्यांत नाश्ता ओतला, आणि पोरीची खोली गेली. साहेब, मी सांगू का तिला वाचवण्यासाठी? सांगतो की तिथं पूर्वी साखरेचं कोठार होतं. मी सांगितलं तर ती लिहील, "काकांनी सांगितलं." तिचा माझ्यावर विश्वास आहे. तुमचाही बसेल.

नाही. नाही, नको. ते "कळल्याशिवाय खरा धरू नये" तिनं लिहिलंय ना. मग मी कोण. लिहा, एकतीस — कारण: काकू. दोन्ही काढून टाका. पण मग बाकीची अडतीस बघा की, साहेब! अडतीस! त्यांत कोणी काही ओतलेलं नाही, ती या मातीची स्वतःची आहेत. चार नंबरनं कधी खोटं सांगितलं नाही. बारानं नाही. जिथं ट्रॅक्टर वळला तिथं ट्रॅक्टर सापडला, जिथं चाळीस वर्षांपूर्वी उकिरडा होता तिथं उकिरडा सापडला — आणि जिथं नवरा-बायको एकमेकांना फसवत होते तिथं ते सुद्धा सापडलं! आणखी काय पाहिजे तुम्हाला पेटीकडून? आमच्या डॉक्टरच्या नळीला तीन वर्षांत नाही सापडलं!

काय लिहिताय? काय... जरा मोठ्यानं वाचा. "एक महिना. सतरा आणि एकतीसमध्ये काहीही न टाकता रोज मोजणी. दोन्ही आकडे शेजारच्या कड्यांच्या पातळीला उतरले, तर मोजणी विश्वासार्ह धरून इथल्या मोजणीच्या खोलीला मान्यता." म्हणजे सही? महिन्यानं सही! आणि तिकडची जागा — तुम्ही त्यांना कळवाल, थोडं थांबा म्हणून? अहो, उतरणारच! तीन दिवस बंद केलं तर उतरला होता, सांगितलं ना! साहेब, तुमचे पाय कुठायत — नाही, ते भावाचे बूट आहेत, असू दे, त्यालाच पोचेल.

फक्त एक. महिनाभर काहीही न टाकता म्हणजे... एक दिवसही नाही? रविवारी? मग ती लापशी जाणार कुठं?

अच्छा.

आली. मागचं दार वाजलं — बायको. गप्प बसा, काही कळल्याचं दाखवू नका — काय गं, हो हो, इथंच आहोत, साहेबांना हे एकतीस दाखवत होतो. अगं, पांढरी काय पडतेस, नुसतं झाकण उचललंय! काही नाही दिसलं. माती आहे. चार वाडगे आणलेस? एक साहेबांचा, एक माझा, तिसरा — पोरीचा, हां. ये, ठेव इथं कट्ट्यावर. नाही, तू आत कुठं चाललीस? तू आधीच खाल्लीस? मग हा बेदाण्यांचा वाडगा कोणाचा? बस. बस गं. आज सगळे मिळून खाऊ. आज आणि महिनाभर रोज, इथं, समोरासमोर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. का म्हणजे? खणांत कागद घातलेस ना तू त्या कपाटाच्या? मग बस. सांगतो सगळं, माझंही सांगतो, पण खाऊन झाल्यावर. बेदाणे अर्धे इकडं दे.

साहेब, तुमची नजर कुठं चाललीय? नाही. अहो नाही! बत्तीस नाही! बत्तीस चांगलं आहे, खरं आहे, त्याच्याकडे बघू सुद्धा नका! वाडगा सरळ धरा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, हो म्हणण्याआधी विचार करायचा. जिभेवर ठेवू नका, लगेच मागं ढकला. हे बघा, फाटक वाजलं, सायकल आली — पाटी अजून हातातच आहे तिच्या. या बाईसाहेब, बघा, कोण कोण काय काय खातंय ते बघा! बस, माझ्या शेजारी बस, तुझा वाडगा हा. रडतेस काय, वेडे, गार होईल. साहेबच सांगतील तुला, मला आता बोलता येणार नाही, काकूचा नियम आहे, तोंडात घास असताना